गोर, कोर आणि तपकिरी रंगाचा डबा

उमरखेड तालुक्यात एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण तिथल्या काही मंडळींनी मला अजून पुरतं माफ केलेलं नाही. त्या गावातल्या जुन्या दारांवर तपकिरी ऑइलपेंटनं एकच शब्द लिहिलेला दिसतो. अक्षर पोरकट, ओळ उताराला लागलेली. नवा ग्रामसेवक आला की पहिल्याच दिवशी विचारतो, "ही कोणती योजना होती?"

योजना नाही साहेब. ती एका शिक्षकाची चूक आहे. शिक्षक म्हणजे मी, आणि चूक म्हणजे रंगाचा डबा उघडा टाकून कांदे आणायला जाणं. पण डब्यापर्यंत पोचायला जरा मागून यावं लागेल.

मी मूळचा नेरचा. माणूस जिल्ह्याच्या एका टोकाला जन्मला की जिल्हा परिषद त्याला दुसऱ्या टोकाला नेमते. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण पाळला मात्र जातो. मला मिळालेली शाळा दोन शिक्षकी. शाळा गावात, आणि निम्म्याहून जास्त मुलं ओढ्यापलीकडच्या बंजारा तांड्यावरची. गावातली मुलं पुढच्या रांगेत बसत, तांड्यावरची मागच्या. असं कोणी बसवलं होतं, असं नाही. मी विचारलं तर सगळे म्हणाले, "असंच बसतात जी." वर्गात पेन्सिल हरवली की आधी मागच्या रांगेची दप्तरं उघडली जात. तेही असंच.

कापसाचे वाईट दिवस होते. बोंडं धरायची आणि किडायची. जो कापूस घरात यायचा त्याला भाव नसायचा, म्हणून तो घरातच राहायचा आणि पोरं त्यावर झोपून सकाळी अंग खाजवत शाळेत यायची. कापूस घरात आणि माणसं घराबाहेर, अशी उलटी वर्षं होती ती. जिल्ह्यात पाहुणे मात्र फार यायचे. कॅमेरेवाले, पुढारी, अभ्यास करणारे. पाहुण्यांच्या जीपमागं धावणं हा आमच्या शाळेचा तेव्हा मुख्य मैदानी खेळ होता.

मी पहिल्या दिवशी पोरं गोळा करायला लुनावरून ओढा ओलांडला तेव्हा तांड्यावरची पोरं ओरडत पुढे पळाली, "कोर मास्तर आवगो! कोर मास्तर आवगो!" 'आवगो' म्हणजे आला, हे मला कळलं. 'कोर' हा शब्द मी माझ्या मनाने लावला. माझी मिशी तेव्हा बारीक, वळणदार आणि दर रविवारी मेहनतीनं राखलेली असायची. मला वाटलं, पोरांना मिशीत चंद्रकोर दिसली. काय कल्पनाशक्ती! उमरखेडला खोलीवर गेल्यावर बायकोला सांगितलं, तर ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "नीट ऐकलं का? अमावास्या म्हणाले असतील." पण मी खुशीत होतो. पुढचे कित्येक आठवडे मी मिशीची जास्तच काळजी घेतली.

आता आमच्या धंद्याबद्दल दोन शब्द, कारण बाहेरच्यांना वाटतं की पहिली-दुसरीला शिकवायला काय लागतं? फळ्यावर क काढायचा आणि पोरांकडून म्हणवून घ्यायचा. तसं नसतं. मूल शाळेत येतं ते तोंडात शब्द भरूनच येतं. आपण एवढंच करायचं असतं की जो आवाज त्याच्या तोंडात आधीपासून आहे, तो त्याच्या डोळ्यांना दाखवायचा. त्यासाठी तक्ता असतो. चित्र पाहिलं की शब्द तोंडात येतो, शब्दाचा पहिला आवाज सुटा होतो, त्या आवाजाचं अक्षर समोर असतं. युक्ती नामी आहे. फक्त चित्र पाहून तोंडात तोच शब्द आला पाहिजे.

मी तक्त्यावर छडी ठेवली. 'आ'. चित्रात डोक्यावर पदर घेतलेली बाई, कडेवर बाळ. पुढची रांग म्हणाली, "आई!" मागची रांग म्हणाली, "याडी!" बंजाऱ्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात. मी छडी आपटली, "आ!" मागची रांग समजूतदारपणे म्हणाली, "या!" मग य आला. य यज्ञाचा. यज्ञ आमच्या गावात कोणीच पाहिला नव्हता, पुढच्या रांगेनंसुद्धा नाही. चित्रात जाळ आणि भोवती माणसं. मागची रांग आनंदानं ओरडली, "होळी!" म्हणजे आ चा झाला या, आणि य चा झाला हो. महिन्याभरात मी मागच्या रांगेला एक संपूर्ण नवीन लिपी शिकवली, जी त्यांच्याशिवाय जगात कोणालाही वाचता येणार नव्हती.

त्या रांगेत तिसरीतली सविता होती. उकंडा राठोडची मुलगी. अंगानं काडी, आवाजानं भोंगा. पुस्तकात वाक्य होतं, 'आई, ये.' सवितानं त्यावर बोट ठेवलं आणि खणखणीत म्हणाली, "याडी, आव."

मी म्हटलं, "चूक."

चित्र पाहून का होईना, तिनं अर्थ लावला होता, वर भाषांतरही केलं होतं. मी शून्य दिलं. ज्या नोकरीत एवढं शिकलेला माणूस ठेवतात तिथे कधीकधी असं होतं.

दसऱ्याच्या आधी एका दुपारी उकंडा शाळेत आला. चपला बाहेर काढून, दुपट्टा हातात गुंडाळून उभा राहिला.

"सर, सविताचं नाव काढा."

"काहून?"

"यंदा कोयत्याले जातो आम्ही. नवराबायको दोघं."

कोयत्याला जाणं म्हणजे ऊस तोडायला पश्चिमेकडे जाणं. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी तांड्यावर येते, माणसं, भांडी, कोंबड्या सगळं भरते, आणि उन्हाळ्यात परत आणून सोडते. मधले महिने फडातल्या पालात.

"मग सविताला कशाला नेता? आजीजवळ राहू द्या. शाळा बुडवू नका तिची."

"बुडवाले शाळा आली कुठं तिले?" उकंडा हळूच म्हणाला. "तिसरीत हाय जी. मांगं पुसदले गेलतो तिले घेऊन. स्टँडवर म्हणलं, बाई, ही गाडी कुठची? थे पाटीकडं पाह्यते अन् माह्या तोंडाकडं पाह्यते. मंग लोकाइले इचारलं, कोणीतरी बसा म्हणलं, बसलो, तं गाडी भलतीकडंच. माह्यासारखं तिनं बी जन्मभर इचारतच फिरायचं हाय, तं फडातच येऊ द्या. लहानगं तरी सांभाळीन."

उत्तर सुचलं नाही की मी बोलत राहतो, हा माझा जुना रोग. मी म्हटलं, "थोडी मुदत द्या."

त्यानं विचार केला. "गाडी येईस्तोर वाचाले लागली तं ठेवतो मायजवळ. नाही तं नेतो."

वातावरण हलकं करावं म्हणून मी म्हणालो, "बाकी तुमच्या तांड्यावरच्या पोरांचा माझ्यावर जीव आहे हो, उकंडाभाऊ. चंद्रकोर म्हणतात मला."

"काय म्हणतात?"

"कोर मास्तर."

उकंडानं दुपट्टा तोंडावर घेतला. खांदे हलत होते. सावरल्यावर म्हणाला, "चंद्राची नाही जी थे कोर. आम्ही बंजारा म्हंजे गोर. अन् जो गोर नाही, थो कोर."

"म्हणजे परका?"

"भाईरचा म्हणा. वाईट नाही जी. तुम्ही हाय थेच म्हणतात."

लुना काढली आणि निघालो. मिशीला वारा लागत होता आणि ती काढून टाकावीशी वाटत होती. वाटेत मी ते दोन शब्द आलटून पालटून पुटपुटत होतो, गोर, कोर, गोर, कोर, आणि एकदम मला दिसलं की दोन्हींत काना तोच, मात्रा तीच, र तोच. फरक फक्त ग आणि क चा. आणि हा फरक तांड्यावरचं बोलू लागलेलं मूलही जाणतं! या शोधाच्या आनंदात मी वळण घ्यायचं विसरलो आणि लुनासकट कोणाच्या तरी पऱ्हाटीत शिरलो. पऱ्हाटी म्हणजे कपाशीची झाडं. तिथे पडल्या पडल्या मी पहिला धडा तयार केला.

दुसऱ्या दिवशी तक्ता भिंतीकडे तोंड करून ठेवला. फळ्यावर एका बाजूला लिहिलं 'गोर', दुसऱ्या बाजूला 'कोर', आणि दोन्ही वाचून दाखवले. मागच्या रांगेत आधी शांतता झाली. घरातली गोष्ट शाळेत कोणी बोलल्यावर होते तशी. मग खसखस.

"मी नाव घेतो. ज्या बाजूला बसेल तिकडे बोट दाखवायचं. सविता?"

सगळी बोटं 'गोर'वर.

"कोर मास्तर?"

हसण्याचा स्फोट. सगळी बोटं 'कोर'वर, माझ्याकडे पाहत पाहत.

"यष्टीचा कंडक्टर?" कोर. "सरपंच?" कोर. "उकंडाभाऊ?" गोर. "कावळा?"

इथे वाद झाला. कोणी म्हणालं कोर, कारण तो गावातल्या पिंपळावर राहतो. सविता उठून उभी राहिली. "कावळा गोर! रोज तांड्यावर येऊन बाटी खाते." बाटी म्हणजे भाकरी. निर्णय कावळ्याच्या बाजूनं लागला.

एव्हाना पुढची रांग पूर्ण मागे वळली होती. मी त्या शाळेत आल्यापासून पहिल्यांदाच. सरपंचांचा नातू बाळू रागानं लाल. "सर, आम्ही कोर काहून? आमाले कोणी इचारलं?"

सविता म्हणाली, "तू आमाले इचारून 'तांड्याचे' म्हणतं का?"

यावर मी काहीतरी सुंदर, उदात्त बोलायला हवं होतं. मी खडू शोधू लागलो.

पण गाडी रुळावर आली ती आलीच. ग आणि क त्या दिवशी कोणालाही पाठ करावे लागले नाहीत. मग या याडीचा, बा बाटीचा, लें लेंगीचा. लेंगी म्हणजे तांड्यावरची होळीची गाणी. आ रुसून बसला होता, त्याला 'आवगो' मध्ये जागा मिळाली. दोन्ही रांगांना काना-मात्रा कळायला लागल्यावर पुढची रांग भांडू लागली, "सर, आमचे शब्द काहून नाही?" मग तेही फळ्यावर आले. सविता तर दिसेल ते वाचू लागली. बिस्किटाचा पुडा, खताची गोणी, माझ्या लुनाचा नंबर. एका पाहुण्यांच्या जीपच्या मागच्या काचेवर धूळ होती, त्यावर तिनं बोटानं 'कोर' लिहिलं. ती जीप तशीच नागपूरपर्यंत गेली असणार.

मला वाटलं, जिंकलो. मला असं वाटलं की पुढे काहीतरी होतं.

त्या वर्षी शाळांच्या भिंती बोलक्या करायचं निघालं होतं. म्हणजे भिंतीवर अक्षरं, चित्रं रंगवायची. मी रंग तपकिरी निवडला, कारण आमच्याकडे बाकी सगळ्या रंगांचे पक्ष आहेत. दिवाळीच्या सुट्टीआधीचा बाजाराचा दिवस. सकाळची शाळा सुटली, गाव उमरखेडच्या बाजाराला रिकामं झालं. पोरं व्हरांड्यात भिंत रंगवत होती. बायकोनं कांदे सांगितले होते. मी सविताच्या हातात ब्रश दिला आणि म्हटलं, "मी येईस्तोवर जितकं लिहिता येईल तितकं लिहा."

शिक्षकानं बोलताना शब्द तोलून वापरावेत.

ऊन कलताना परत आलो. गावाच्या तोंडाशी पहिल्याच दारावर मोठ्या अक्षरात 'कोर'. मी लुना थांबवली. मला आधी अभिमान वाटला! र चा पाय किती झोकात सोडला होता. पुढचं दार, 'कोर'. कान्याची रेघ सरळ. वा! तिसरं दार. मग सरपंचांचं दार आलं. नवं, सागवानी, दिवाळीसाठी नुकतंच पॉलिश केलेलं. त्यावर 'कोर'. तिथे माझा अभिमान संपला. ओढ्यापलीकडे तांड्यावर प्रत्येक दारावर 'गोर' होतं. पोरांनी एकही चूक केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव शाळेसमोर जमलं. सरपंच विठ्ठलराव मधे. एका बाजूला उकंडा, सविताचं मनगट धरून. तिच्या फ्रॉकवर, कोपरावर, केसांत तपकिरी रंग. पुरावा शोधायची गरज नव्हती.

"मास्तर," विठ्ठलराव म्हणाले, "तांड्यावरच्या पोट्ट्याइनं आमच्या दारावर शिव्या लिवल्या. हे शिकवून राह्यले तुम्ही?"

"शिवी नाही जी ती..."

"आमाले माहीत नाही का, कोर कोणाले म्हणतात? त्याइची शाळा त्याइच्या तांड्यावर भरवा. इथं नको."

उकंडा पुढे आला. "चुकलं जी पोट्टीचं. येत नाही थे आता शाळेत. गाडी आली का बसवतो तिले." आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "लिहाले शिकली तं हे असं."

सविता रडत नव्हती. ती लांबून दिसणाऱ्या सरपंचांच्या दाराकडे पाहत होती, आपलं काय चुकलं ते शोधत. अक्षर तर बरोबर होतं.

आता मी गप्प बसायला हवं होतं. मी घसा साफ केला आणि भाषण सुरू केलं. "मंडळी, गैरसमज नको. कोर म्हणजे वाईट नव्हे. कोर म्हणजे फक्त इतकंच, की जो गोर नाही तो."

विठ्ठलराव उसळले. "म्हंजे? आमाले आमचं काही नावच नाही? जे थे नाही, थे आम्ही?"

प्रश्न इतका बिनचूक होता की माझं भाषण तिथेच मेलं. उकंडाला खोकला आला. तो बराच वेळ खोकत होता, आणि दुपट्टा पुन्हा तोंडावर होता.

तेवढ्यात मागून रफीकभाई पुढे झाले. त्यांचं स्टँडजवळ मोटारपंप दुरुस्तीचं दुकान. जळालेल्या मोटारीची तार काढून नवी गुंडाळून द्यायचे. घर पुसदला, दुकान आमच्या गावात.

"मास्तरसाब, मेरे शटर पे भी लिखा बच्चोंने."

"रफीकभाई, मी पुसून देतो..."

"अरे, मिटाना मत! मोटारच्या आत जे लोखंड असते ना, ज्याले आम्ही तार गुंडाळतो, त्याले कोरच म्हणतात. इतकी साल झाली, दुकानले पाटी नव्हती. फुकट में हो गई. बेटा," ते सविताला म्हणाले, "तू फक्त आगे 'वाइंडिंग' लिख दे. लिखना आता है क्या?"

थोडे लोक हसले. विठ्ठलराव हसले नाहीत. "तुह्या धंद्याचं जमलं रे बाप्पा. आम्ही काय लिहावं पुढं? आधीच कोरडवाहू माणसं आम्ही, कापसानं मारलं, अन् वरून सागवानी दार..."

बोलता बोलता ते थांबले, कारण उकंडाच्या हातातून मनगट सुटलं होतं. व्हरांड्यातला डबा आणि ब्रश उचलून सविता त्यांच्या दाराकडे पळत होती. विठ्ठलराव तिच्या मागे, उकंडा त्यांच्या मागे, गाव उकंडाच्या मागे, आणि सगळ्यांच्या मागे मी, कारण मला नेहमी तीच जागा सापडते.

तिनं 'कोर'च्या पुढे ड काढला. मग वा. मग थांबली, ओठ हलवून आवाज तपासला, आणि ह ला उकार देऊ लागली.

"दीर्घ! दीर्घ दे!" बाळू ओरडला. सरपंचांचा नातू, घरचं दार.

"माहीत हाय मले!" सविता म्हणाली, आणि र्‍हस्वाचा दीर्घ केला.

कोरडवाहू.

ज्यांना वाचता येत होतं त्यांनी वाचलं, इतरांना सांगितलं. ज्याची शेती फक्त पावसाच्या पाण्यावर, तो कोरडवाहू. आमच्या जिल्ह्यात हे सातबाऱ्यावर लिहिलेलं असो नसो, तोंडावर लिहिलेलं असतं. विठ्ठलराव दाराकडे पाहत राहिले. रागवावं की हसावं, हे त्यांच्या चेहऱ्याला ठरेना. मग आतून त्यांच्या सौभाग्यवतींचा आवाज आला, "खोटं काय लिवलं पोट्टीनं? इहीर तरी हाय का आपल्याले?"

मग जे हसणं सुटलं, त्यात विठ्ठलराव शेवटी सामील झाले. चहाच्या हॉटेलवाल्या गंगाबाईंनी सविताला हाक मारली. त्यांच्या फळीवर 'कोर'चं 'कोरा चहा' झालं. "नाही तरी दूध परवडूनच नाही राह्यलं," त्या म्हणाल्या. बाकी सगळी दारं कोरडवाहू झाली. बाळू आणि त्याच्या रांगेतली पोरं ब्रशसाठी भांडू लागली. दुपारपर्यंत कोण पुढच्या रांगेतलं आणि कोण मागच्या, हे रंगामुळे ओळखू येईना.

शेवटी उकंडा म्हणाला, "सविता, आपलं बी कोरडवाहूच हाय. आपल्या दारावर बी लिही."

मंडळी ओढा ओलांडून तांड्यावर गेली. विठ्ठलरावही आले. "पाहू तं खरं," ते म्हणाले, "आम्हीच काय एकटे येडे?" सरपंच झाल्यापासून मतं मागणं सोडून दुसऱ्या कामासाठी ते ओढ्यापलीकडे पहिल्यांदा येत होते.

उकंडाच्या दारावर आधीचं 'गोर' होतंच. सवितानं त्याच्या शेजारी क काढला, काना-मात्रा दिली, र काढला, आणि ब्रश डब्यात घातला. डबा कोरडा. तिनं तळ खरवडला. काही निघेना.

तांड्यावरचे म्हातारे दारापाशी जमले. एकानं विचारलं, काय लिहिलं? सविता वाचून दाखवायला लागली आणि तिलाच हसू आलं. "गोर... कोर."

"उकंड्या, मंग तू कोण रे? गोर का कोर?"

"पाटी दोन्ही दिली, तं दोन्हीकडून जेवाले बोलवा," उकंडा म्हणाला. मग त्यानं विठ्ठलरावांकडे वळून, जरा अवघडून विचारलं, "साहेब, पोट्टीनं बरोबर वाचलं का जी? दारावर हेच हाय?"

त्यानं मला विचारलं नाही. बरोबरच होतं. मी तिचा मास्तर, माझी साक्ष कोण धरणार?

विठ्ठलरावांनी चष्मा काढून पुसला, लावला. "बरोबर वाचलं," ते म्हणाले. "चांगलं वाचते लेकाची. माह्या बाळूच्या पुढं हाय."

दिवाळीनंतर मुकादमाची गाडी आली. भांडी चढली, कोंबड्या चढल्या, सविताची आई लहानग्याला पोटाशी बांधून चढली. सविता आजीजवळ दारात उभी होती. उकंडानं चढता चढता दाराकडे बोट केलं. "थे अर्धं राह्यलं. म्या आल्यावर पुरं कर." गाडी निघाली.

सगळं चांगलं झालं, असं मी म्हणणार नाही. मागच्या रांगेत त्याही वर्षी जागा रिकाम्या पडल्या. सविताच्या शेजारी बसणारी तिची मैत्रीण त्याच गाडीतून गेली, आणि पुढे शाळेत परत आली नाही. एका डब्यानं ऊसतोड थांबत नाही. पण उरलेल्या रांगा परत पहिल्यासारख्या बसल्या नाहीत, आणि पेन्सिल हरवली की आता सगळ्यांची दप्तरं उघडली जाऊ लागली. माझ्याही टेबलाच्या खणात पाहायचे. दोनदा पेन्सिल तिथेच सापडली.

सविता आज पुसदला नर्स आहे. तिचं अक्षर तिथल्या डॉक्टरांपेक्षा बरंच चांगलं आहे, हे मी स्वतः चिठ्ठ्या पाहून सांगतो. पण माझ्या नोकरीतला सगळ्यात अवघड विद्यार्थी ती नव्हती. तो उन्हाळ्यात परत आला.

उकंडा शाळेत आला तो चपलांसकटच, इतका घाईत होता. रापलेला, वाळलेला, हातांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे. सविताची चौकशी न करता म्हणाला, "सर, म्या वाचलं!"

"काय वाचलं?"

"तिकडं मुकादमानं एकडाव किराणा आणाले धाडलं होतं. स्टँडवर उभा राह्यलो. गाड्या येतात, जातात. एक गाडी आली, पाटी पाह्यली अन् अंगावर काटा आला जी. आपलं दार! पह्यलं को, थोच. मंग र, थोच, वर एक रेघ जास्तीची. पुढचं नाही समजलं. पण म्हणलं, हे आपलं दारच चाललं गाडीवर. कोणालेच नाही इचारलं. बसलो."

"कोरेगाव असणार," मी म्हटलं. साताऱ्याकडे त्या नावाचं गाव आहे. "मग? कोरेगावलाच जायचं होतं ना?"

उकंडानं दुपट्टा तोंडाशी नेला, पण हसू मावलं नाही.

"नाही जी. जायचं होतं भलतीकडंच. कंडक्टरनं मधातच उतरवलं, पायी आलो, मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या." मग मला दटावल्यासारखं बोट वर करून म्हणाला, "पण सर, गाडी चुकली. वाचणं नाही चुकलं."